मॅगझिन रिकामं होऊ न देणारा विक्रेता

वापरलेलं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल घ्यायचं मनात असेल आणि समोरचा विक्रेता एक्स्ट्रॅक्टरवर फार रंगून बोलत असेल, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. मला ज्याने गंडवलं, तो पिस्तुलाच्या रचनेबद्दल एकही खोटं वाक्य बोलला नव्हता.

नवख्यांसाठी थोडक्यात सांगतो. एक्स्ट्रॅक्टर म्हणजे स्लाइडमधला, म्हणजे नळीवर मागे-पुढे सरकणाऱ्या भागातला, छोटा आकडा. तो काडतुसाच्या बुडाची कड धरून ठेवतो आणि गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेतून, मागे ओढतो. मागे आलेली पुंगळी इजेक्टर नावाच्या स्थिर खुंटीवर आपटते आणि स्लाइडच्या खिडकीतून बाहेर उडते. आकड्याची पकड ढिली असेल तर पुंगळी खिडकीतच उभी अडकते. कधी ती चेंबरमध्येच राहते आणि मुठीत बसणाऱ्या, काडतुसं भरलेल्या मॅगझिनमधून वर आलेलं पुढचं काडतूस तिच्या बुडावर जाऊन आदळतं. हा दुसरा प्रकार निस्तरायला वेळ लागतो आणि डोकं शांत ठेवावं लागतं.

पिस्तूल १९११ धर्तीचं होतं, पॉइंट ४५ कॅलिबरचं. विक्रेत्याने सुरुवातच त्याचा रचनाकार जॉन ब्राउनिंगपासून केली. १९११ साली अमेरिकन सैन्याने हे डिझाइन स्वीकारलं, यातला एक्स्ट्रॅक्टर स्लाइडच्या आत असतो, स्प्रिंग स्टीलची एकच लांब पट्टी, वेगळी स्प्रिंग नाही, पिन नाही. "साहेब, बिघडायला यात भागच नाहीत. शिवाय काडतूस मॅगझिनमधून वर सरकतानाच आकड्याखाली जातं, सुरुवातीपासून धरलेलं असतं." हे सगळं बरोबर आहे. ही पट्टी स्वतःच स्प्रिंगचं काम करते आणि तिला दिलेल्या हलक्या बाकातून ताण येतो, एवढंच त्याने सांगितलं नाही. तो बाक गेला, आकडा झिजला किंवा मूळ स्टीलच हलकं निघालं, तर बाहेरून पिस्तूल अगदी तसंच्या तसं दिसतं.

मग रेंजवर प्रात्यक्षिक झालं. मॅगझिन सात गोळ्यांचं. त्याने भराभर काही गोळ्या झाडल्या, निशाणाही चांगला होता. "बघा, लोण्यासारखं चालतंय," म्हणत आत दोन-तीन गोळ्या शिल्लक असतानाच मॅगझिन उतरवलं आणि दुसरं लावलं. "हे मॅगझिनही तपासून घ्या." तेही तसंच, अर्ध्यावर उतरवलं. माझ्या हातात पिस्तूल दिलं तेव्हाही चार झाडून झाल्यावर खांद्यावर थाप मारून म्हणाला, पुरे, गोळ्या कशाला वाया घालवता. त्या दिवशी एकही मॅगझिन एकदाही पूर्ण रिकामं झालं नाही.

आणखी एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली होती. मॅगझिन काढल्यावर चेंबरमध्ये उरलेलं काडतूस काढायला त्याने स्लाइड हळू मागे ओढली. ते काडतूस खिडकीतून बाहेर आलं नाही, मॅगझिनच्या पोकळीतून सरळ खाली घसरलं आणि मुठीखाली आधीच धरलेल्या त्याच्या डाव्या तळहातावर पडलं. इतक्या सफाईने झेललं की बघणाऱ्याला ती हातोटी वाटावी. ताण ठीक असलेल्या एक्स्ट्रॅक्टरने ते काडतूस इजेक्टरपर्यंत धरून न्यायला हवं होतं. तळहात कुठे धरायचा हे त्याला आधीपासून माहीत होतं.

यातली मेख अशी. मॅगझिनमध्ये पुढचं काडतूस असलं की मागे येणाऱ्या पुंगळीला त्याचा खालून टेका मिळतो. आकडा ढिला असला तरी पुंगळी त्या काडतुसाच्या पाठीवरून घसरत इजेक्टरपर्यंत पोचते आणि दोष झाकला जातो. शेवटच्या गोळीला तो टेका नसतो, म्हणून आकड्याची खरी परीक्षा तिथे होते. त्याहून कडक चाचणी म्हणजे मॅगझिनमधून एक काडतूस चेंबरमध्ये घ्यायचं, मॅगझिन काढून टाकायचं आणि मग झाडायचं. पुंगळी नेहमीसारखी बाहेर उडाली तर ठीक. खाली पोकळीत पडली किंवा खिडकीत लटकली, तर विक्रेता काय वाटेल ते म्हणो. ब्राउनिंग हाय-पॉवरसारख्या काही पिस्तुलांत मॅगझिन काढल्यावर चापच चालत नाही. तिथे मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून बघावं. काडतूस हाताने चेंबरमध्ये टाकून त्यावर स्लाइड सोडू मात्र नका. १९११ च्या आकड्याला त्या कडेवरून उडी मारायला लावली की तो झिजतो, कधी त्याचा टवकाही उडतो.

कागद झाले, पिस्तूल माझ्या नावावर चढलं आणि मॅगझिन पूर्ण रिकामं करायला लागलो तशा शेवटच्या पुंगळ्या अडकू लागल्या. प्रत्येक वेळी नाही, पण विसरता येऊ नये इतक्या वेळा. फोन केला तर उत्तर तयारच होतं: "मनगट ढिलं पडतंय तुमचं." नंतर म्हणे गोळ्या कमी दाबाच्या असतील. याही दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, म्हणूनच त्या ऐकून माणूस गप्प बसतो. मनगट सैल असेल तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही, आणि कमजोर काडतुसानेही तेच होतं. पण तेच हात आणि त्याच डब्यातल्या गोळ्या दुसऱ्या पिस्तुलात बिनतक्रार चालत असतील, एखादा मुरलेला नेमबाज तुमच्या पिस्तुलाने झाडतानाही पुंगळी अडकत असेल, आणि अडकते ती बहुतेक वेळा शेवटचीच, तर बोट आकड्याकडेच जातं. जमिनीवरच्या पुंगळ्याही बघा. धड एक्स्ट्रॅक्टर असला की त्या साधारण एका टप्प्यात पडतात. माझ्या पिस्तुलाच्या काही उजवीकडे, काही पायाशी, एक-दोन थेट कपाळावर.

फोन वाढत गेले तसा तो तत्त्वज्ञानावर उतरला. एक्स्ट्रॅक्टरचं एवढं काय घेऊन बसलात, काही पिस्तुलांना तो नसतोच! हेही खरं आहे. बेरेटाच्या, नळीचं मागचं टोक वर उघडणाऱ्या छोट्या पिस्तुलांना एक्स्ट्रॅक्टर नसतो. पण ती ब्लोबॅकवर चालतात. त्यात वायूचा दाबच पुंगळीला मागे ढकलून बाहेर काढतो. १९११ मध्ये नळी आणि स्लाइड सुरुवातीला एकमेकांत अडकून मागे जातात आणि दाब उतरल्यावर सुटतात. तिथे पुंगळी ओढून आणायला आकडाच लागतो. एका जातीच्या पिस्तुलाचं सत्य दुसऱ्या जातीला चिकटवायचं, ही या माणसाची खास कला.

शेवटी एका जाणत्या आर्मररकडे, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे, गेलो. त्याने स्लाइड उतरवली, काडतुसावर आघात करणाऱ्या फायरिंग पिनमागची छोटी पट्टी काढून एक्स्ट्रॅक्टर बाहेर घेतला आणि भिंगाखाली धरला. आकड्याच्या टोकाचा एक कोपरा उडालेला. दांड्यावर बारीकसा गोल ठसा, साच्यातून निघालेल्या भागावर असतो तसा. म्हणजे स्प्रिंग स्टीलमधून कापून काढलेली मूळ पट्टी कधीच गेली होती. तिच्या जागी धातूची पूड साच्यात घालून भट्टीत भाजलेला भाग होता, ज्याला एमआयएम म्हणतात. एमआयएमचे भाग सरसकट वाईट नसतात, पण जो भाग स्वतःच स्प्रिंग व्हायचा त्याला ही पद्धत मानवत नाही. वर तो काळा करून जुन्या स्लाइडशी रंग जुळवला होता. फायरिंग पिनमागची पट्टीही सैल होती, त्यामुळे एक्स्ट्रॅक्टर आपल्या खोबणीत किंचित फिरत होता.

हे विक्रेत्याला कळवल्यावर त्याचा सूर एकदम मऊ झाला. म्हणाला, हे परत द्या, वर थोडे पैसे टाका आणि बाहेरच्या एक्स्ट्रॅक्टरचं पिस्तूल न्या, त्यात ही कटकटच नाही. फसवणुकीचा दुसरा हप्ता हाच असतो आणि वैतागलेला माणूस त्यात हमखास सापडतो. आत की बाहेर, यावर भरवसा ठरत नाही. हाय-पॉवरमध्ये आधी आतला होता, १९६२ च्या सुमारास बाहेरचा आला. सिग सॉअरच्या जुन्या, पत्रा दाबून घडवलेल्या स्लाइडमध्ये आतला होता, पुढच्या अखंड पोलादातून कोरलेल्या स्लाइडमध्ये बाहेरचा. स्मिथ अँड वेसनने २००३ मध्ये १९११ धर्तीचंच पिस्तूल बाहेरच्या एक्स्ट्रॅक्टरसह काढलं. नीट बसवलेले दोन्ही प्रकार चालतात. बाहेरच्याचे रोग तेवढे वेगळे: स्प्रिंग थकते, पिन झिजते, आकड्याखाली काजळी साचून तो पूर्ण मिटत नाही.

मी ते दुसरं पिस्तूल बघायला गेलो, घ्यायला नव्हे. मॅगझिन काढलं, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासलं, आणि पातळ लाकडी काडीने आकडा बाहेर ढकलला. तो टचकन परत यायला हवा. हा आळसावल्यासारखा परतला आणि काडीला घट्ट काळं ग्रीस लागलं. त्याला म्हटलं, एकच गोळी भरून झाडून दाखवा. त्याला तेवढ्यात महत्त्वाचा फोन आला.

पैसे परत मिळाले नाहीत. कागदावर 'चालू स्थितीत विक्री' असं लिहिलेलं होतं, आणि मॅगझिन रिकामं होईपर्यंत ते चालत होतंच. नवीन एक्स्ट्रॅक्टर आणि फायरिंग पिनमागची घट्ट बसणारी पट्टी माझ्या खर्चाने घातली, आर्मररने ताण लावून दिला. आता मॅगझिनशिवाय झाडलेली पुंगळीही उजवीकडे जिथे पडायची तिथेच पडते.

तुम्ही व्यवहार करणार असाल तर 'चालू स्थितीत' या दोन शब्दांवर सही करू नका. त्याऐवजी हे लिहून मागा: "खरेदीदाराने स्वतः मॅगझिन शेवटच्या गोळीपर्यंत रिकामं करून, तसंच शक्य असेल तिथे मॅगझिन काढून एकेक गोळी झाडून चाचणी घेतली आहे. एक्स्ट्रॅक्टर मूळ आहे की बदललेला, आणि बदललेला असल्यास कशाचा, हे विक्रेत्याने नमूद केले आहे." ज्याला हे लिहायला जड जाईल, त्याच्याकडचं पिस्तूल हातातही घेऊ नका.