ऑपरेशनच्या आधी मुखत्यारपत्र करावं की खात्यात दुसरं नाव टाकावं?

घरात कुणाच्या मोठ्या ऑपरेशनची तारीख ठरली की कागदांचा विषय निघतोच, आणि बँकेच्या पैशांपुरते मुख्य पर्याय दोनच, मुलाच्या किंवा मुलीच्या नावाने मुखत्यारपत्र करायचं नाहीतर खातं जॉइंट करायचं. आमच्याकडे दोन्ही करून झालंय. आईच्या ऑपरेशनला मुखत्यारपत्र होतं, पुढे नानांच्या, म्हणजे वडिलांच्या, बायपासला जॉइंट खातं. मृत्युपत्र आणि नॉमिनी आवश्यकच आहेत, पण ते दोन्ही माणूस गेल्यावर कामाला येतात. पेशंट आयसीयूत आहे आणि रोज पैसे भरायचेत त्या मधल्या दिवसांत त्यांचा काडीचा उपयोग नाही, आणि मी बोलतोय ते त्याच दिवसांबद्दल.

कागद म्हणून बघितलं तर मुखत्यारपत्र मला खरंच आवडतं. खातं आईचंच राहतं, मला फक्त व्यवहार करायचा अधिकार, तोही कुठल्या खात्यापुरता आणि कशासाठी ते लिहून देता येतं, आणि नको वाटलं तर रद्दही करता येतं. बहीणभावांत संशयाला जागा राहत नाही. आमच्या वकिलांनी नीट करून दिलं, नोटरी झाली, मी एक प्रत बँकेत देऊन आलो आणि निश्चिंत झालो.

आईचं ऑपरेशन झालं पण नंतर इन्फेक्शन झालं आणि ती सहा दिवस व्हेंटिलेटरवर होती. हॉस्पिटलने आणखी डिपॉझिट मागितलं म्हणून मी बँकेत गेलो तर काउंटरवर पहिला प्रश्न, खातेदार हयात असल्याचं पत्र आणलंय का. ते डॉक्टरांकडून आणलं. मग साहेबांनी विचारलं, त्या शुद्धीवर आहेत का? मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले मग आम्हाला हे लीगलला पाठवावं लागेल, आज काही होणार नाही. मी खूप चिडलो त्या दिवशी, आई तिकडे तशी, पैसे तिचेच, तिच्याच औषधाला हवेत, आणि तिने सही करून दिलेला कागद माझ्या हातात. शेवटी मामाने पैसे दिले.

नंतर वकिलांना विचारलं तेव्हा कळलं की बँकेचं म्हणणं चुकीचं नव्हतं. भारतीय करार कायदा १८७२, कलम २०१. अधिकार देणारा माणूस वारला किंवा त्याचं मानसिक भान गेलं की मुखत्यारपत्र संपतं. चार दिवसांची भूल किंवा बेशुद्धी त्यात बसते का यावर वाद घालता येईल, पण बँक तो धोका घेत नाही. काही देशांत माणसाचं भान गेल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र असतं, आपल्याकडे तसं नाही. पेशंट कोमात गेला तर पालक नेमून घ्यायला घरच्यांना हायकोर्टात जावं लागलंय. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण हा कागद करतो, नेमका त्याच दिवशी तो लंगडा पडतो. माझा निर्णय या एका गोष्टीवर झाला.

नानांच्या वेळी म्हणून जॉइंट खातं. त्यांच्या पेन्शनच्या खात्याला हात लावला नाही (केंद्र सरकारच्या पेन्शनला जॉइंट खातं जोडीदाराबरोबरच चालतं, आणि आईला नेट बँकिंग जमत नाही). नाना आणि मी असं वेगळं सेव्हिंग खातं उघडलं आणि त्यात हॉस्पिटलपुरते चार लाख ठेवले. दोघं एकदाच बँकेत गेलो, केवायसी, फोटो, सह्या, आठवड्यात माझं कार्ड आलं. बायपासनंतर नाना दोन दिवस गुंगीत होते, मी रात्री अकराला हॉस्पिटलच्या खालच्या मेडिकलमध्ये कार्ड दिलं, कुणी काही विचारलं नाही. तेव्हा आईच्या वेळचं सगळं आठवलं आणि डोळ्यात पाणी आलं.

यातही खाचाखोचा आहेत. फॉर्मवर "आयदर ऑर सर्व्हायव्हर" वर खूण हवी, म्हणजे दोघांपैकी कुणालाही एकट्याला व्यवहार करता येतो. "फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर" केलंत तर पहिला खातेदार जिवंत असेपर्यंत दुसऱ्याला पैसे काढता येत नाहीत, म्हणजे परत तेच. दुसरं एफडीचं. आयदर ऑर सर्व्हायव्हर असली तरी मुदत पूर्ण झाल्यावर एकाची सही चालते, मुदतीआधी मोडायची तर बँक दोघांच्या सह्या मागू शकते. त्यामुळे लागेल तेवढी एक एफडी आधीच मोडून सेव्हिंगला टाका, थोडं व्याज जाईल पण जाऊ दे.

आणि विश्वासाचा प्रश्न आहेच, जॉइंट खात्यातून दुसरा माणूस सगळे पैसे काढू शकतो. नानांनीही विचारलं होतं, म्हणजे हे आता तुझं खातं का रे? त्यांना वाईट वाटलं असावं. मी त्यांच्यासमोर ताईला फोन लावला, किती ठेवलेत, कशासाठी, सगळं सांगितलं आणि स्टेटमेंटचे ईमेल तिच्याकडेही जातील असं केलं. ज्या घरात भावाभावांत आधीच बोलणं बंद आहे तिथे मी जॉइंट खात्याचा आग्रह धरणार नाही, तिथे अधिकार मोजून दिलेलं मुखत्यारपत्रच बरं पडेल कदाचित. फ्लॅटचा व्यवहार अर्धवट असेल किंवा पेशंट शुद्धीवर पण दोन महिने अंथरुणात राहणार असेल, तरी मुखत्यारपत्र लागेलच. पेशंट शुद्धीवर आहे पण सही जमत नाही एवढंच असेल तर बँकेच्या अधिकाऱ्यासमोर अंगठा देता येतो, बँकेला ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार माणूस.

उपचाराचे निर्णय मात्र या दोन्हींत येत नाहीत, बरेच जण समजतात की मुखत्यारपत्र असलं की व्हेंटिलेटरबद्दलही आपण सांगू शकतो. त्यासाठी लिव्हिंग विल वेगळं, म्हणजे आपल्याला सांगता येणार नाही तेव्हा कुठले उपचार हवेत आणि कुठले नकोत ते आधीच लिहून ठेवायचा कागद. सुप्रीम कोर्टाने ते २०१८ मध्ये मान्य केलं, आणि २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर होतं, आधी मॅजिस्ट्रेट लागायचे. नानांनी केलं, ताईचं आणि माझं नाव घातलं, एक प्रत डॉक्टरांच्या फाइलला लावली.

तारीख ठरली असेल तर ॲडमिट व्हायच्या निदान दोन आठवडे आधी दोघांनी मिळून बँकेत जा, कार्ड आल्यावर एकदा एटीएममधून शंभर रुपये काढून बघा आणि ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो ते तपासा. आमच्याकडे तो नानांच्या फोनवर जात होता, ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी लक्षात आलं.