रॉयबॉस: उकळा, मुरू द्या, मग चव ठरवा

रॉयबॉस म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या एका झुडपाच्या पानांचं चहासारखं लाल पेय. ते पहिल्यांदा पिणाऱ्यांचा शेरा बहुधा ठरलेला असतो: रंग झकास, चव काहीच नाही. या शेऱ्याचा दोष बहुतेक वेळा पानाकडे जात नाही, करणाऱ्या हाताकडे जातो. कपात गरम पाणी, त्यात पिशवी, दोन मिनिटांत पिशवी बाहेर, ही ग्रीन टीची सवय. ग्रीन टी जास्त वेळ ठेवला की कडू होतो, म्हणून ती सवय तिथे बरोबर आहे. रॉयबॉस मात्र कितीही उकळला तरी कडू होत नाही, आणि घाईने काढला तर लालसर पाण्यापलीकडे काही देत नाही. शिवाय इथे रंगावर विसंबून चालत नाही. पिशवीतल्या बारीक चुऱ्यामुळे मिनिटभरात कप लाल होतो, पण मधासारखा गोडवा आणि लाकडी सुवास उतरायला पाच ते दहा मिनिटं लागतात.

हे चहाचं झाड नव्हेच. अस्पॅलॅथस लिनिअॅरिस हे शेंगवर्गातलं झुडूप, पानं हिरव्या सुयांसारखी बारीक. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतात, सेडरबर्गच्या डोंगराळ भागात आणि आसपासच्या रेताड, आम्ल जमिनीत ते वाढतं. पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा, असं तिथलं हवामान. क्लॅनविल्यम हे गाव या धंद्याचं केंद्र. खोई आणि सान हे तिथले मूळ रहिवासी डोंगरातली ही पानं फार आधीपासून वापरत होते. व्यापार सुरू झाला 1904 च्या सुमारास, बेंजामिन गिन्सबर्ग या व्यापाऱ्यापासून. शेती जमली ती 1930 नंतर, क्लॅनविल्यमचे डॉक्टर नॉर्टिए यांनी कडक कवचाचं बी उगवून दाखवल्यावर. मूळ जाणकारांना मोबदला मिळायला मात्र 2019 उजाडलं. त्या वर्षीच्या करारानुसार शेतावरच्या दराच्या, म्हणजे शेतकऱ्याला मालाच्या मिळणाऱ्या भावाच्या, 1.5 टक्के रक्कम खोई आणि सान समाजांना द्यायची ठरली. शंभर वर्षांच्या धंद्यानंतर दीड टक्का ही रक्कम मला तरी फार वाटत नाही, पण निदान हिशेब सुरू झाला. 2021 पासून युरोपीय संघात या नावाला भौगोलिक संरक्षण मिळालेलं आहे, म्हणजे त्या भागातल्याच मालाला ते लावता येतं.

चव कुठून येते हे कळलं की माल निवडणं सोपं जातं. उन्हाळ्यात, म्हणजे तिथल्या जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान, कोवळ्या फांद्या कापतात, त्यांचे काही मिलिमीटरचे तुकडे करतात, ते चेचतात, पाणी मारतात आणि ढीग लावून ठेवतात. रात्रभरात ढीग आतून गरम होतो आणि हिरवा पाला विटकरी लाल होतो. सकाळी तो उघड्यावर पातळ पसरून उन्हात वाळवतात, मग चाळतात आणि पॅकिंगआधी वाफेने निर्जंतुक करतात. सगळी मेख ढिगाच्या त्या काही तासांत आहे. लवकर मोडला तर कपात वाळल्या गवताचा हिरवट वास येतो. जास्त राहिला किंवा वाळवायला उशीर झाला तर आंबूस, कुजट छटा येते. स्टेलनबॉश विद्यापीठात रॉयबॉसच्या चवींचं एक चक्रच तयार केलेलं आहे. त्यात चांगल्या बाजूला मध, लाकूड, तिथल्या रानफुलांचा वास, गोडसरपणा आणि किंचित तुरटपणा आहे. वाईट बाजूला गवत, धूळ, औषध, जळका कॅरॅमल आणि कुजलेल्या पाल्याचं पाणी. दोन ब्रँडचे कप शेजारी ठेवून प्यायलात तर यातले चार-पाच वास कुणालाही ओळखता येतील.

सुटा की पिशवीतला?

पिशव्यांमध्ये दक्षिण आफ्रिकेत घरोघरी दिसणारं नाव म्हणजे फ्रेशपॅक. 80 पिशव्यांचं खोकं 200 ग्रॅमचं, म्हणजे पिशवीत अडीच ग्रॅम. दोऱ्या-चिठ्ठीशिवायची ही साधी पिशवी भांड्यात टाकून उकळायला सोयीची पडते. दोरा आणि स्टेपल असलेल्या महागड्या पिशव्यांत बऱ्याचदा दीड-दोन ग्रॅमच माल असतो. त्या 200 मिलीच्या मगमध्ये एकेकट्या घातल्या तर फिक्याच लागणार. म्हणून किंमत खोक्यावरून किंवा पिशव्यांच्या संख्येवरून पाहू नका, ग्रॅमवरून पाहा. एका कपाला अडीच ग्रॅम धरले तर 100 ग्रॅममध्ये 40 कप होतात.

माझा कौल लांब तुकड्यांच्या सुट्या रॉयबॉसला. त्याचा रंग एकसारखा विटकरी असावा. त्यात थोड्या फिकट काड्या असणारच, पण मूठभर मालात काड्याच जास्त दिसल्या तर कप पोकळ लागतो. मध्येमध्ये हिरवे तुकडे दिसले तर ढीग नीट मुरलेला नाही असं समजा. सुट्या मालाची एकच अडचण, ती म्हणजे आपलं नेहमीचं स्टीलचं चहाचं गाळणं. सुईसारखे बारीक तुकडे त्या भोकांतून उभे होऊन सरळ कपात उतरतात आणि शेवटचा घोट घशाला टोचतो. बारीक जाळीचं गाळणं घ्या, नाहीतर सुती फडक्यातून गाळा.

व्हॅनिला, कॅरॅमल वगैरे सुगंधी प्रकारांबद्दल मी सावध आहे. चांगल्या रॉयबॉसला व्हॅनिलाची एक छटा मुळातच असते. वरून घातलेला अर्क बऱ्याचदा सुमार मालाचा गवती वास झाकायला असतो. मिश्रणं घेताना घटकांची यादी वाचाच. मसाला रॉयबॉस म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणात साधा चहा किंवा ग्रीन टी असू शकतो, मग कॅफिन टाळण्याचा हेतूच संपला. जास्वंद असेल तर कप आंबट होतो आणि त्यात दूध घातलं की फाटतं.

हिरवा रॉयबॉस म्हणजे ढीग न लावता झटपट वाळवलेला. त्याची चव गवती आणि जरा तुरट, किंमतही जास्त. दुधात तो अजिबात शोभत नाही. ग्रीन टी आवडणाऱ्यांनी बिनसाखरेचा घेऊन पाहावा, इतरांनी लालच घ्यावा.

करायचा कसा

कोऱ्या रॉयबॉससाठी 200 मिली पाण्याला अडीच ग्रॅम, म्हणजे साधारण एक सपाट छोटा चमचा. पाण्याला खळखळून उकळी आली की रॉयबॉस घाला, आच अगदी मंद करा, झाकण ठेवा आणि पाच मिनिटं उकळू द्या. मग गॅस बंद करून आणखी तीन मिनिटं मुरू द्या. झाकण महत्त्वाचं आहे, कारण मधाचा सुवास वाफेबरोबर निघून जातो. कपातच करायचा असेल तर पाणी नुकतं उकळलेलं हवं, वर बशी झाकलेली हवी आणि वेळ सात ते दहा मिनिटं. ऑफिसच्या मशीनमधलं कोमट-गरम पाणी आणि कागदी कप यांत रॉयबॉस होत नाही. तिथे पिऊन त्याच्याबद्दल मत बनवू नये.

दुधाचा रॉयबॉस तिकडच्या घरांतही सर्रास पितात, दूध-साखर किंवा मध घालून. आपल्या पद्धतीने दोन कपांना 300 मिली पाणी आणि 6 ते 7 ग्रॅम रॉयबॉस घ्या. आठ मिनिटं मंद उकळा, पाणी थोडं आटू द्या, मग 100 मिली गरम दूध घालून एकच उकळी आणा. इथे बहुतेकांचा हात दुधाकडे जास्त जातो. आपल्या दाणेदार सीटीसी चहाचा तुरटपणा निम्म्या दुधालाही पुरून उरतो. रॉयबॉसमध्ये तुरटपणा देणारं टॅनिन कमी, त्यामुळे निम्मं दूध घातलं की चव गुळमट होते आणि रॉयबॉस हरवतो. तुरटपणा कमी म्हणून साखरही कमी लागते. नेहमी दोन चमचे घेणाऱ्याने एकापासून सुरुवात करावी.

आलं घालायचं तर ठेचून पाण्यातच घाला आणि चांगलं उकळा. कच्चं आलं दुधात पडलं की त्यातल्या एन्झाइममुळे दूध फाटतं. गूळ गॅस बंद केल्यावर घाला. दालचिनीचा छोटा तुकडा किंवा एखादी लवंग याला फार छान जुळते. गवती चहाची दोन पाती चालतील. वेलची मात्र बेतानेच घाला, ती रॉयबॉसला पार झाकून टाकते. आणि तयार चहा मसाला चमचाभर घातलात तर कपात मसाल्याशिवाय काही उरणार नाही.

थंड रॉयबॉस हा याचा सर्वांत सोपा विजय. दुप्पट माल घालून दहा मिनिटं उकळा, गाळा, गार करा आणि बर्फावर ओता. साधा चहा फ्रीजमध्ये ठेवला की कॅफिन आणि टॅनिन एकत्र येऊन गढूळ होतो. रॉयबॉस बराच नितळ राहतो. लिंबू पिळलं की रंग नारिंगीकडे झुकतो, चव बिघडत नाही. फ्रीजमध्ये झाकून दोन दिवस ठेवायला हरकत नाही.

तब्येतीचं काय

रॉयबॉसमध्ये नैसर्गिकरीत्याच कॅफिन नसतं. त्याचा खरा, रोज जाणवणारा फायदा तोच. मोठ्या कपभर कडक चहात साधारण 40 ते 50 मिलिग्रॅम कॅफिन असतं आणि त्यातलं निम्मं शरीरातून जायला पाचएक तास लागतात. संध्याकाळी सहाला दोन कप घेतले तर रात्री अकराला एका कपाएवढं कॅफिन अंगात असतं. झोप उथळ लागणाऱ्यांनी संध्याकाळचा चहा बदलून आठवडाभर पाहावं. सगळे चहा एकदम बंद केले तर बारा ते चोवीस तासांत डोकं दुखायला लागतं आणि ते काही दिवस चालू शकतं. तो दोष रॉयबॉसचा नव्हे, कॅफिन सुटल्याचा. एकेक कप कमी करत जा.

दुसरा फायदा लोहाचा, आणि आपल्याकडे तो जास्त मोलाचा आहे. जेवण झाल्या झाल्या चहा पिण्याची सवय, त्यातून शाकाहारी जेवण, आणि भाजी-डाळींतलं लोह चहामुळे नीट शोषलं जात नाही. 1979 च्या दक्षिण आफ्रिकेतल्या एका अभ्यासात तरुण पुरुषांना लोहाबरोबर वेगवेगळी पेयं दिली होती. पाण्याबरोबर 9.34 टक्के, रॉयबॉसबरोबर 7.25 टक्के आणि साध्या चहाबरोबर अवघं 1.70 टक्के लोह शोषलं गेलं. म्हणजे रॉयबॉस हिमोग्लोबिन वाढवत नाही, पण पोळी-भाजीतलं लोह चहासारखं अडवतही नाही. हिमोग्लोबिन कमी असलेल्या घरच्या बायकांना जेवणानंतर गरम काही हवंच असेल, तर या एका कारणासाठी मी रॉयबॉस सुचवेन.

बाकी दावे ऐकताना हात आखडता ठेवा. 2011 मध्ये हृदयविकाराचा धोका असलेल्या 40 जणांना रोज सहा कप, सहा आठवडे रॉयबॉस दिला, तेव्हा त्यांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) कमी आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) जास्त आढळलं. निकाल आशादायक आहे, पण प्रयोग लहान आणि सहा कप म्हणजे पुष्कळच. अस्पॅलॅथिन हे याच झुडपाची ओळख असलेलं द्रव्य प्रयोगशाळेत आणि प्राण्यांमध्ये रक्तातली साखर कमी करताना दिसतं. माणसांतला पुरावा तेवढा भक्कम नाही, त्यामुळे मधुमेहाची गोळी सोडायचा विचारही करू नये. गंमत म्हणजे लाल करताना ढिगात बरंचसं अस्पॅलॅथिन नष्ट होतं. हिरव्यात ते कितीतरी जास्त असतं, पण खोक्यावरची जाहिरात दोन्हींची सारखीच असते. ग्रीन टीच्या पन्नास पट अँटिऑक्सिडंट, कॅल्शियम-मॅग्नेशियमचा खजिना, ही वाक्यं दिसली तर पुढे वाचू नका. कपभर रॉयबॉसमध्ये खनिजं नावालाच असतात. अॅसिडिटीवालेही याकडे वळतात. कॅफिन गेल्याने काहींना बरं वाटतं, पण रिकाम्या पोटी दूध-साखरेचा मोठा मग घेऊन जळजळ थांबेल असं नाही.

जपायचं कुणी? यकृताचा त्रास झाल्याच्या मोजक्या नोंदी रॉयबॉसबाबत वैद्यकीय साहित्यात आहेत. यकृताचा आजार असेल, केमोथेरपी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारूनच प्या. गरोदर बाईला कॅफिन कमी करायला हा बरा पर्याय आहे, पण तिनेही डॉक्टरांच्या कानावर घालावं आणि दिवसाला एक-दोन कपांवर थांबावं. आणखी एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. रॉयबॉसच्या शेतात सेनेसिओ जातीचं तण उगवतं आणि कापणीत मिसळलं तर त्यातली यकृताला घातक अल्कलॉइडं मालात येतात. 2013 मध्ये जर्मनीच्या बीएफआर या सरकारी संस्थेने रॉयबॉससह अनेक वनस्पती-चहांत ती आढळल्याचं जाहीर केलं. नंतर युरोपने त्यावर मर्यादा घातली. म्हणून उगम न लिहिलेला, किलोच्या भावाने विकला जाणारा सुटा माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. दक्षिण आफ्रिकेचा उगम, बॅच नंबर आणि पॅकिंगची तारीख पाकिटावर हवीच.

नीट ठेवला तर रॉयबॉस दोन वर्षं टिकतो. आपल्या पावसाळ्यात, त्यातही कोकण-मुंबईच्या दमट हवेत, कागदी खोक्यात ठेवलेल्या पिशव्या कुबट होतात. आणल्या आणल्या घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात भरा, मसाल्याच्या डब्यापासून दूर ठेवा आणि ओला चमचा घालू नका. पहिल्यांदा घेताना साधा, बिनसुगंधी, लाल, 50 ग्रॅम एवढंच घ्या. त्यात साधारण 17 कप होतात. अर्धे कोरे आणि अर्धे दुधाचे करून पाहिले की आपल्याला कोणता मानवतो ते कळेल, मग मोठं पाकीट मागवा.