बोटीच्या नव्या गाद्या आणि आमच्या गेलेल्या फळ्या

नागपूर जिल्ह्यातल्या अंभोऱ्याला वैनगंगेवर पूल नव्हता तोवर आमच्या बोटीत बसायला गादी आहे की नुसती फळी, हे कोणी पाहत नव्हतं. वडील डोंग्यातून माणसं पलीकडे भंडाऱ्याच्या बाजूला पोचवायचे. पुढे आम्ही दोघा भावांनी जुनी फायबरची मोटरबोट घेतली. तिच्यातून बाजाराची पोती, सायकली, बकऱ्या, सगळं जायचं. २०२४ साली पूल सुरू झाला आणि पलीकडे जायला बोट मागणारा माणूस राहिला नाही. आता बोट लागते ती फिरायला. रविवारी नागपूरहून लोक येतात, चैतन्येश्वराचं दर्शन घेतात, पूल पाहतात आणि संगमावर एक फेरी मारतात. हे गिऱ्हाईक बसायच्या आधी हाताने सीट चाचपतं. म्हणून गाद्या बदलायचं ठरवलं, आणि त्यात २८ हजारांना फसलो. पैशांपेक्षा मोठी वस्तू गेली, तिच्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

जुन्या गाद्यांचं वरचं रेक्झिन तडकलं होतं. मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या वर जातो, बोट उघड्या पाण्यावर उभी, सावलीचं नाव नाही. शिवण उसवली होती, दोन गाद्यांतून फोम बाहेर आला होता. पण खालच्या फळ्या खणखणीत होत्या. १२ एमएमचं मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लायवूड, त्यावर आयएस ७१० या सरकारी मानकाचा शिक्का. बोट घेताना आधीच्या मालकाने गादी उलटी करून तो शिक्का दाखवला होता आणि म्हणाला होता, कापड दहा वेळा बदला, फळीला हात लावू नका.

सीटवाला नागपूरचा. ओळखीतल्या एकाने नंबर दिला. माणूस स्वतः घाटावर आला, टेप लावून मापं घेतली. चार लांब बाकांच्या गाद्या, चार पाठीच्या, एक चालवणाऱ्याची. पिशवीतून नमुने काढले, आणि ते नमुने खरंच चांगले होते. बोटीचं जाड रेक्झिन, मागून सुती कापड नव्हे, पॉलिस्टरचं विणकाम. ४० डेन्सिटीचा फोम, स्टेनलेसच्या पिना, नायलॉनचा दोरा. "भाऊ, मी हात लावला का पाच वर्षं पाहाचं काम नाई," म्हणाला. २८ हजारांत सौदा झाला. आगाऊ १५ हजार त्याने मोबाइलवरून दुसऱ्याच नावाच्या खात्यात टाकायला लावले, बायकोचं खातं आहे म्हणून. बिलाचं विचारलं तर, "पक्कं बिल पाह्यजे तं १८ टक्के वेगळे लागन." आम्ही बिल सोडून दिलं. नमुन्याचा एक तुकडा मागून ठेवायचं सुचलंसुद्धा नाही.

गाद्या त्यानेच काढल्या. स्क्रू खालून असतात, बोटीत आडवं पडून खोलावे लागतात. सोबतच्या पोराने तासाभरात सगळ्या मोकळ्या केल्या. एक फळी उलटी करून त्याने काळा डाग दाखवला. "हे सडत आलं भाऊ. जी खराब निघन ते मी बदलून देतो, पैसे नाई घेत." आम्हाला वाटलं, किती भला माणूस आहे. फळ्यांसकट नऊच्या नऊ गाद्या त्याच्या गाडीत गेल्या. आम्ही हात लावून चढवू लागलो.

माल आला महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, अंधार पडल्यावर. दुसऱ्या दिवशी जत्रा. निळं रेक्झिन, पांढरी पायपिंग, कुठे सुरकुती नाही. टॉर्चच्या उजेडात बसवून झालं आणि उरलेले १३ हजार रोख दिले. गादी उलटी करून पाहायला पाच मिनिटं लागली असती. जत्रेची घाई होती, आणि त्याने ती वेळ मुद्दाम साधली होती, असं मी आज खात्रीने म्हणतो.

महिनाभर बरं चाललं. मग अवकाळी पावसाच्या दोन सरी आल्या. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं तरी गाद्या ओल्याच. बसलं की शिवणीतून पाणी यायचं आणि त्याला वास. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत आणि कन्हानेतून आमच्या संगमात येतं. ते पाणी बोटीत उडतं, गादीत मुरतं आणि उन्हात उबतं. एका रविवारी एक बाई फेरीवरून उतरल्या तर पातळाच्या मागे गंजाचे तांबडे डाग. त्या काही बोलल्या नाहीत, त्यांच्या सासूबाई बोलल्या. आम्ही फेरीचे पैसे परत केले. खाली मान घालून उभं राहणं काय असतं, ते त्या दिवशी कळलं.

त्याच संध्याकाळी एक लांब गादी काढली. भावाने एका टोकाला धरली आणि म्हणाला, "दादा, हे तं पोत्यासारखी जड झाली." गावातल्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली तर १९ किलो. आठ दिवस उन्हात वाळवून पुन्हा तोलली तेव्हा १२ भरली. एका गादीत सात किलो पाणी. चार बाकांचं मिळून २८ किलो, पाठीच्या गाद्या वेगळ्याच. आम्ही माणसं मोजून बसवतो, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोट सोडत नाही, आणि बाकांत हे ओझं न मोजता फिरत होतं. जी बोट माणसांना खोल पाण्यावर नेते तिच्यात हे करणाऱ्याला मी नुसता लबाड म्हणत नाही.

मग कापून पाहिली. वर एक इंचाचा नवा मऊ फोम, त्याखाली तीन इंच चुऱ्याचा फोम, म्हणजे जुन्या गाद्यांचे रंगीबेरंगी तुकडे डिंकाने दाबून केलेली लादी. मी मापं सांगतो, कारण ती पडताळता येतात. आमची गादी ५ फूट लांब, १८ इंच रुंद, ४ इंच जाड. ४० डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो. त्या हिशेबाने या गादीचा नुसता फोम पावणेतीन-तीन किलोच्या आसपास भरायला हवा. आमचा भरला सव्वापाच. जड म्हणजे चांगला, असं आम्हीही समजत होतो. हलका निघाला तर डेन्सिटी कमी, आणि फारच जड निघाला तर चुरा. रेक्झिनच्या मागे साधं सुती कापड, दोरा सुती, बोटाने ओढला की तुटणारा. पिना लोखंडाच्या, चुंबकाला टपाटप चिकटल्या. डाग त्यांचेच होते. पाणी निघून जायला तळाला एक भोकसुद्धा नव्हतं.

आणि फळी आमची नव्हती.

साधं कमर्शियल प्लाय, शिक्का नाही, कडेला पाण्याने फुगलेलं. नऊच्या नऊ उलट्या केल्या. एकही आमची नाही. नशिबाने बोटीच्या पुढच्या कप्प्याचं झाकण जुन्याच मरीन प्लायचं होतं, म्हणून एका डब्यात दोन्हींचे तुकडे चुलीवर उकळायला ठेवले. त्याच्या फळीचे थर दोन-तीन तासांत पुस्तकाच्या पानांसारखे सुटले. झाकणाचा तुकडा दिवसभर उकळला तरी तसाच. आयएस ७१० च्या प्लायची परीक्षा ७२ तास उकळून होते, हे नंतर भंडाऱ्याच्या एका प्लायवाल्याने सांगितलं. आज तसं प्लाय नऊ गाद्यांना घ्यायचं तर किती लागतात, ते त्याच्याकडे विचारलं आणि मुकाट्याने बाहेर आलो.

फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, "तुमी बोट ओली ठेवता." दुसऱ्यांदा म्हणाला, पाण्याने खराब झालेल्याची गॅरंटी नसते. बोटीच्या गादीला! फळ्यांचं विचारलं तर, "सडल्या होत्या, फेकल्या." त्यानंतर फोन उचलणं बंद. पत्त्यावर गेलो तर शटरला कुलूप. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, महिन्याभरापूर्वीच खाली केलं.

कोणी म्हणालं, तुमचा धंदा आहे, ग्राहक आयोग तुमचं ऐकणार नाही. हे खरं नाही, आणि गावातले किती तरी लोक एवढ्यावरच घरी बसतात म्हणून सांगतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारासाठी घेतलेल्या वस्तू-सेवा वगळल्या आहेत, पण स्वतःच्या रोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या नाहीत. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, नागपूरचा सीटवाला आणि भंडाऱ्याचा गिऱ्हाईक असला तरी. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. १९१५ वर फोन केला तर हेल्पलाइनचे लोक पुढची वाट सांगतात. आमच्याकडे बिल नव्हतं, पण आगाऊ रकमेचा मोबाइलवरचा पुरावा होता आणि मापं-भाव ठरल्याचे त्याचेच संदेश होते. रोख दिलेल्या १३ हजारांचा मात्र कागद नाही. तक्रार दाखल आहे.

गाद्या आता दुसऱ्यांदा झाल्या. ट्रॅक्टरच्या सीटा शिवणारे एक काका आहेत, त्यांना घाटावरच बोलावलं. मशीन मंदिराच्या अलीकडे झाडाखाली मांडलं आणि मी दोन दिवस शेजारी बसून राहिलो. फळी नवी, शिक्क्याची. प्रत्येकीच्या खालच्या बाजूला खिळ्याने आमच्या बोटीचा नंबर कोरला, मग ती त्यांच्या हाती दिली. तळाला खाली पाणी न पिणारा बंद पेशींचा फोम, वर बसायला मऊ थर, आणि फळीला पाणी निथळायला भोकं. फोम आधी काट्यावर, मग फळीवर. पिना चुंबक लावून घेतल्या. काकांना वाईट वाटेल म्हणून मला संकोच होत होता. त्यांनीच चुंबक हातात घेतला आणि म्हणाले, "पाय ना बापू, चांगलं पाय. ज्याचं काम खरं आहे त्याले काहाचा राग?" अर्धे पैसे गाद्या उलट्या करून पाहिल्यावर दिले, उरलेले पहिला पाऊस झाल्यावर. काका त्याला खुशीने तयार झाले.

जुन्या सीटवाल्याची एक गादी मी न कापता ठेवली आहे. आयोगासमोर न्यावी लागेल म्हणून ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून घराच्या माळ्यावर आहे. कापलेली दुसरी घाटावरच असते. खिंडसीचे, नवेगावबांधचे, गोसेखुर्दच्या पाण्यावरचे बोटवाले येतात तेव्हा त्यांना ती उघडून दाखवतो, वरचा निळा थर उचलून, आत हात घालायला लावून.