वाळूच्या टेकड्यांवर क्वाड: सरळ पट्टी की व्ही, आठ की बारा?

क्वाड, म्हणजे चार जाड चाकांची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली गाडी, वाळूत न्यायची म्हटली की टायरबाबत दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: पॅडल टायर, म्हणजे वाळू ढकलणाऱ्या आडव्या पट्ट्यांचा टायर, हवाच आहे का, आणि हवा असेल तर कुठला. बरेच जण पहिल्या प्रश्नाला बगल देतात आणि सगळ्यात जास्त आणि सगळ्यात उंच पट्ट्यांचा टायर घेऊन मोकळे होतात. ४५० सीसीच्या गाडीवर असा टायर चढवला की ती रुतत नाही हे खरं, पण अर्ध्या चढावर इंजिनच मान टाकतं.

कोरड्या वाळूच्या कणांना धरून ठेवणारं असं काही नसतं. एकमेकांवर घासून ते जेवढे टिकतील तेवढेच. गाडीसोबत आलेल्या नॉबी टायरचे छोटे ठोकळे वाळूचा पातळ थर कापतात, तो थर मागे फेकला जातो आणि चाक आपलाच खड्डा खणत बसतं. पॅडल टायरचा अंगचा भाग गुळगुळीत असतो आणि त्यावर आडव्या उंच पट्ट्या असतात. एकेक पट्टी वाळूचा मोठा ढीग पकडून मागे ढकलते. ओल्या वाळूचं गणित वेगळं. कणांमधलं पाणी त्यांना बांधून ठेवतं, म्हणून पावसानंतर किंवा भरतीच्या रेषेजवळ नॉबी टायर, थोडी हवा कमी केली तर, छान चालतो.

त्यामुळे अर्धा दिवस वाळूत आणि अर्धा दिवस दगड-मातीच्या वाटेवर जाणार असेल तर पॅडलच्या फंदात पडू नका. कडक जमिनीवर पट्ट्या गाडी हादरवतात, त्यांच्या कडा फाटतात, आणि डांबरावर तर त्यांचं कामच नाही. दिवसभर कोरड्या टेकड्यांवर असाल तर मात्र पॅडलला पर्याय नाही. दोन्हीकडे जायचं असेल तर पॅडल वेगळ्या रिमवर बसवून ठेवा आणि जागेवर पोचल्यावर चाकं बदला. एकाच रिमवर टायर काढ-घाल करण्याचा उत्साह फार काळ टिकत नाही.

आता आकार. सरळ पट्टी, व्ही आकाराची पट्टी आणि कडा पुढे वळवलेली वाटीदार पट्टी, असे मुख्य तीन प्रकार समोर येतात.

सरळ पट्टी वाळू थेट मागे फेकते. समोरच्या दिशेने ओढ हवी असेल तर तिला तोड नाही, म्हणूनच सरळ रेषेतल्या आणि चढाच्या शर्यतींत ती दिसते. कॅलिफोर्नियात ग्लॅमिसचा ओल्ड्समोबिल हिल किंवा अबू धाबीच्या लिवामधला सुमारे ३०० मीटर उंचीचा मोरीब, अशा ठिकाणी खालून वर एका दमात जायचं असतं. आडवं वळायचा प्रश्नच येत नाही. पण टेकडीच्या कुशीवर आडवी गाडी घातली की याच टायरची उणीव कळते. दोन पट्ट्यांमधलं रबर गुळगुळीत, बाजूने धरायला काही नाही, त्यामुळे मागची बाजू उताराकडे सरकत जाते. काहींना हे सरकणं आवडतं. ते एकसारखं असतं, अंदाज बांधता येतो, आणि खोलगट जागेत गाडी मागून फिरवायला मजा येते. नवख्याला मात्र पहिल्याच तिरक्या उतारावर घाम फुटेल.

व्ही पट्टीच्या तिरक्या बाजू आडव्या जोरालाही थोडा अडसर करतात, म्हणून वळणावर आणि कुशीवर ती जास्त विश्वासाची. पट्टी वाळूत एकदम न आपटता टोकापासून हळूहळू उतरते, त्यामुळे घट्ट वाळूवर हादरेही कमी बसतात. किंमत एवढीच की निव्वळ सरळ ओढीत ती थोडी मागे पडते. दिवसभर टेकड्यांमध्ये भटकणाऱ्यासाठी माझं मत निःसंशय व्हीच्या बाजूने आहे. सरळ पट्टीचा फायदा घड्याळ लावून पळणाऱ्याला कळतो, बाकीच्यांना क्वचितच.

वाटीदार पट्टीत वाळू बाजूने निसटत नाही, म्हणून तेवढ्याच पट्ट्यांत पकड वाढते. अर्थात इंजिनावरचं ओझंही वाढतं. त्यामुळे दोन टायरची तुलना फक्त पट्ट्या मोजून करू नका. आठ वाटीदार पट्ट्या आणि आठ सरळ पट्ट्या हे दोन वेगळे टायर आहेत.

संख्या आणि उंची हाच खरा मुद्दा, आणि इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. ढोबळमानाने, २५० सीसीच्या आसपासच्या गाडीला सहा ते आठ पट्ट्या आणि पाऊण इंचापर्यंत उंची पुरते. ४०० ते ४५० सीसीला आठ ते दहा पट्ट्या, उंची पाऊण इंच किंवा किंचित जास्त. ७०० सीसीच्या गाडीला दहा पट्ट्या आणि इंचभर उंची पेलते. बारा किंवा त्याहून जास्त पट्ट्या इंजिन वाढवलेल्या गाड्यांसाठी. चालवणारा अंगाने जड असेल तर एक पायरी खाली या.

पण नुसता सीसीचा आकडा पुरेसा नाही. यामाहाच्या दोन गाड्या शेजारी ठेवून पाहा. बॅन्शी ही ३४७ सीसीची, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक; तिची ताकद वरच्या आरपीएमला एकदम उघडते. रॅप्टर ७०० ही ६८६ सीसीची, एका सिलिंडरची फोर-स्ट्रोक; ती खालूनच ओढत जाते. दोन्हींना गरजेपेक्षा मोठा टायर लावला तर रॅप्टर कुरकुरत का होईना चढत राहील. बॅन्शीचे आरपीएम मात्र एकदा ताकदीच्या त्या टप्प्याखाली उतरले की हातात काहीच उरत नाही; गिअर खाली टाकेपर्यंत गाडी थांबलेली असते. टू-स्ट्रोकवाल्याला चाक थोडं फिरू देणारा टायर हवा. इंजिन गात राहिलं पाहिजे, मग थोडी वाळू उगाच उडाली तरी चालेल.

टायर आधीच घेऊन बसला असाल आणि तो जड पडत असेल तर गिअरिंग बदलून पाहा. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चक्र, एका दाताने लहान केलं, समजा १४ वरून १३, तर साधारण ७ टक्के फरक पडतो. वरचा वेग तेवढा कमी होतो, पण वाळूत तसाही तो क्वचितच गाठला जातो. शिवाय उंच पट्टी कापून कमी करता येते. कमी असलेली वाढवता येत नाही.

बेल्टवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक ४×४ क्वाडची गोष्ट थोडी निराळी. तिथे जड टायरचा त्रास आधी बेल्टला होतो: तो घसरतो, तापतो आणि शेवटी जळतो. अशा गाडीवर मध्यम पट्ट्या घ्या आणि मऊ चढावर लो रेंज, म्हणजे कमी वेगाचा आणि जास्त ओढीचा गिअर, वापरा. चारही चाकांना पॅडल लावण्याचा मोह होतो. तो होणार असेल तर पुढच्या आणि मागच्या टायरच्या घेराचं प्रमाण कंपनीने ठेवलेलं तसंच राहील हे पाहा, नाहीतर फोर-व्हील ड्राइव्हचे भाग विनाकारण एकमेकांशी झगडत राहतात.

मागच्याच चाकांना जोर असलेल्या स्पोर्ट क्वाडला पुढे पॅडलचा उपयोग नाही. तिथे गुळगुळीत टायर, मधोमध एक किंवा दोन उभ्या धारा असलेला. एका धारेचा हलका असतो, वळायला पटकन ऐकतो. दोन धारांचा थोडा जड, पण सरळ जाताना स्थिर. मागे पॅडल आणि पुढे मूळचा नॉबी अशी जोडीही चालते, फक्त जोरात वळताना पुढचं चाक नांगरत जातं. पैसे कमी असतील तर आधी मागचे घ्या.

हवा ४ ते ६ पीएसआयच्या आसपास. कमी हवेने टायर पसरतो आणि गाडी वाळूवर तरंगते, पण फार कमी केली तर कडक वळणात टायरची कड रिमवरून सुटते. त्याहून खाली जायचं असेल तर बीडलॉक रिम, म्हणजे टायरची कड आवळून धरणाऱ्या रिम, लागतील. आणि कारच्या टायरची हवा मोजायचा नेहमीचा गेज इथे वापरू नका, एवढ्या कमी दाबावर तो धड वाचत नाही. कमी दाबाचा वेगळा मिळतो.

माप टायरच्या अंगावर वाचा. २०×११-९ म्हणजे २० इंच उंच, ११ इंच रुंद आणि ९ इंची रिमसाठी. स्पोर्ट क्वाडच्या मागच्या रिम ८, ९ आणि १० इंची असतात, त्यामुळे ‘सगळ्यांना बसतो’ असं सांगणाऱ्याकडून घेऊ नका. वापरलेला टायर पाहताना पट्टीची वरची धार आणि तिचा बुंधा पाहा. धार गोल झाली असेल तर पकड गेलीच, पण तो टायर लहान इंजिनाला अजून चालेल. बुंध्याशी भेगा असतील तर कितीही स्वस्त मिळाला तरी सोडा. पट्टी तिथूनच उखडते.

बसवताना दिशेचा बाण पाळा. बाण पुसट झाला असेल तर गाडीच्या मागे उभे राहा: वाटीदार पट्ट्यांची तोंडं तुमच्या समोरच्या बाजूला वर वळलेली दिसली पाहिजेत, रहाटाचे पोहरे भरून वर येताना दिसतात तशी. खाली वळलेली दिसली तर डावा-उजवा टायर उलट बसला आहे.