गेटसाठी गाडीतलं बटण, हातातला रिमोट की मोबाइल?

बडोद्यात अलकापुरी, अकोटा, मांजलपूरकडच्या बंगल्यांत सरकत्या गेटला मोटर असणं आता नवलाचं नाही. वरच्या श्रेणीच्या काही गाड्यांत आरशाखाली किंवा सनव्हायझरवर गेट उघडायची तीन बटणं येतात, बहुतेकदा होमलिंक या ब्रँडची. मग घरात चर्चा सुरू होते: रिमोट कशाला हवा?

बटणाचा फायदा उघड आहे. सेल संपत नाही, शोधाशोध नाही. पण ते गेट उघडायला शिकतं रिमोटकडूनच, आणि घोडं तिथेच अडतं. आधी रिमोटच्या पाठीवरची फ्रिक्वेन्सी बघा. आपल्याकडे सहसा ४३३.९२ मेगाहर्ट्झ असते. अमेरिकेत ३१५ किंवा ३९० जास्त चालते, त्यामुळे तिकडचे व्हिडिओ बघून भरवसा ठेवू नका. आकडा जुळला तरी कोडची पद्धत जुळेलच असं नाही. मोटर घ्यायची असेल तर दुकानदाराला आपल्या गाडीचं मॉडेल सांगून आधी विचारा.

शिकवायचं असं: पहिल्यांदाच करत असाल तर कडेची दोन बटणं दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून जुनं पुसून टाका. नंतर हे करू नका, तिन्ही बटणांचं पुसलं जातं. मग रिमोट गाडीच्या बटणापासून चार बोटांच्या अंतरावर धरून त्याचं आणि गाडीचं बटण एकदम दाबा. दिव्याची संथ लुकलुक जलद झाली की सोडा. साधा, न बदलणारा कोड असेल तर काम झालं. रोलिंग कोड असेल, म्हणजे दर वेळी कोड बदलत असेल, तर मोटरचं झाकण काढून आतलं लर्न बटण दाबावं लागतं आणि साधारण ३० सेकंदांत गाडीतलं बटण दोन-तीनदा दाबायचं. एक जण गाडीत, एक मोटरशी असा बेत ठेवा.

कटकट वाटली तरी रोलिंग कोडच घ्या. साधा कोड हवेतून टिपून पुन्हा तसाच पाठवता येतो. २०१५ मध्ये सॅमी कामकार या संशोधकाने एका खेळण्यात फेरफार करून तसली गॅरेजची दारं काही सेकंदांत उघडून दाखवली होती.

आता दुसरी बाजू. सर्व्हिसला गाडी दिली की बटणही गेलं, म्हणजे गेटची किल्लीच दिली. गाडी विकताना पुसायला तर हमखास विसरतात. आणि घरात अॅक्टिव्हा असेल तर तिला आरशातलं बटण कुठून आणणार? म्हणून किल्लीच्या जुडग्यातला रिमोट सुटत नाही. मोबाइलवरून चालणारा वाय-फाय रिले, म्हणजे मोटरला जोडायचा वाय-फायचा स्विच, पाहुणा आला किंवा दूधवाल्याला आत घ्यायचं असेल तेव्हा सोयीचा. रोज दारात गाडी उभी करून अॅप उघडत बसणं मात्र वैताग.

माझं मत: गाडीत बटण आलेलंच असेल तर जरूर जोडा, पण तेवढ्यासाठी महागडं मॉडेल घेऊ नका. त्यापेक्षा मोटरचा चौथरा उंच बांधा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरभर शिरलं होतं. मोटर बुडाली की बटण, रिमोट, मोबाइल तिन्ही सारखेच निकामी. मोटर हातानं सोडवायची किल्ली कुठे आहे, ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक असू द्या.