पट की रेसकोर्स: धुरकरी व्हायचं की जॉकी?

दिवाळी झाली की वसमत भागातली दोन-चार पोरं माझ्याकडे येतात. अंगानं हलकी, काटक, जनावराची भीती नसलेली. विचारतात, "मामा, जोडीवर बसू की पुण्याला जाऊ?" मी दोन्ही केलंय. तीन हंगाम शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, धुरकरी (जोडी हाकणारा) होतो. त्यानंतर नऊ वर्षं पुण्या-मुंबईला घोड्यांवर काढली, आधी रायडिंग बॉय (घोड्यांना सराव देणारा) म्हणून, मग अप्रेंटिस जॉकी, म्हणजे रेसमधला शिकाऊ घोडेस्वार म्हणून. दोन्हीकडे जिंकलो आणि दोन्हीकडे पडलो. पट कसा असतो आणि रेस कशी असते हे तुम्हाला माहीत आहे असं धरून लिहितो.

आधी वजनाचं बोलू, कारण रेसकोर्सवर जायचं की नाही हे बऱ्याचदा तिथंच ठरतं. पटात धुरकरी हलका असलेला बरा, पण कुणी त्याला काट्यावर उभं करत नाही. रेसकोर्सवर खोगीर हातात घेऊन काट्यावर उभं राहावं लागतं, रेसच्या आधी आणि नंतरही. घोड्यानं पाठीवर न्यायचं ठरवून दिलेलं वजन पन्नास-बावन्न किलो असेल तर खोगीर धरून तुम्हाला तेवढ्यातच बसायचं असतं. रेसच्या आदल्या दिवशी मी भर उन्हात अंगावर प्लास्टिकचं जाकीट चढवून पळायचो. रात्री ओठ फुटायचे, जीभ टाळूला चिकटायची, तरी पाण्याचा घोट मोजून घ्यायचा. एका पोळ्याला आईनं पुरणपोळ्या बांधून गावच्या माणसाबरोबर पाठवल्या होत्या. डबा उघडला, वास घेतला आणि शेजारच्या सईसाला (घोड्यांची निगा राखणाऱ्याला) दिला. ही भूक वर्षानुवर्षं सोबत असते. अंगकाठी घराण्यातून येते. बाप, चुलते उंचपुरे असतील तर पुण्याच्या वाटेला न गेलेलंच बरं असं मला वाटतं. अठरा-एकोणिसाव्या वर्षी अंग भरलं आणि परत आले, अशी पोरं मी पाहिली आहेत.

पैशाचं थोडक्यात सांगतो. पटातलं बक्षीस मालकाचं. धुरकऱ्याला मिळतं ते मालकाच्या मनावर आणि आधी ठरलेल्या बोलीवर. जॉकीला प्रत्येक रेसची फी मिळते आणि जिंकलेल्या रकमेत ठरलेला हिस्सा. पण ते घोडा मिळाला तर. शिकाऊ पोराला वजनात सवलत असते, म्हणजे त्याचा घोडा कमी वजन वाहतो, म्हणून ट्रेनर (घोडे तयार करणारे) त्याला घोडे देतात. विजय वाढतात तशी सवलत कमी होत जाते आणि मग खरी परीक्षा सुरू होते. पहाटे पाच-सहा घोड्यांना काम (सराव) द्यायचं आणि दुपारी त्यातल्याच एका घोड्यावर दुसरंच कुणी बसलेलं पाहायचं, हे माझ्या वाट्याला बरेचदा आलं.

जिव्हाळ्यात मात्र पट पुढं आहे. जोडी दावणीला आपल्या डोळ्यांसमोर असते. उजव्या बैलाला सुरुवातीला आवाज द्यायचा की गप्प राहायचं, डावा कुठं दम टाकतो, हे रोज चारा टाकता टाकता कळत जातं. घोड्याची एवढी ओळख व्हायच्या आत तो दुसऱ्याकडे जातो. शिवाय पटाचा हंगाम संपला की आपण आपल्या रानात असतो. पुण्याच्या तबेल्यात पहिले दोन पावसाळे मला फार जड गेले.

एवढं सगळं पटाच्या बाजूनं असताना मी तो का सोडला, ते सांगतो.

पट सरळ असतो. घड्याळ थांबतं त्या रेषेवर पट संपतो, पण बैलांना रेष कळत नाही. भरधाव जोडीला ओसरायला पुढं बरंच रान लागतं आणि नेमकी त्याच रानात माणसं उभी असतात. बाजूला बांबू, दोऱ्या बांधतात. शेवटाला कुणी काही बांधत नाही. जोडी समोरून येताना पाहायची असते ना, म्हणून सगळी तिथंच. मोबाइल वर धरलेले, बापाच्या खांद्यावर लेकरं, मागं चहाची गाडी. प्रत्येक पटात मी बोलायचो, "बापू, शेवटचं रान मोकळं करा." आयोजक भोंग्यावर दोनदा सांगायचे. माणसं चार पावलं मागं सरायची आणि पुढची जोडी सुटली की सहा पावलं पुढं यायची.

२०१० च्या फेब्रुवारीत जोडी चांगली निघाली होती. तळहाताला घाम होता म्हणून मी कासऱ्याचा एक वेढा मनगटाला घेतला. असा वेढा कधीच घेऊ नका. रेष ओलांडली आणि समोर कुणीतरी उपरणं उडवलं. डावा बैल बुजून बांधाकडे वळला, चाक बांधावर चढलं आणि मी खाली आलो. कासरा सुटेना. दहा-बारा पावलं फरफटत गेलो. डावी हसळी मोडली, दोन बोटं निखळली. मालक धावत आले ते बैलाकडे. त्यांनी आधी त्याचा गुडघा चाचपला. त्यांच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. कुणाची तरी जीप मिळेपर्यंत पाऊण तास मी बाभळीखाली बसून होतो. दुखण्यापेक्षा मला एकाच गोष्टीचा संताप येत होता: समोरच्या गर्दीत एक सहा-सात वर्षांचं लेकरू होतं आणि चाक त्याच्यापासून हातभर अंतरावरून गेलं होतं.

रेसकोर्सवर मी पडलो तो सकाळच्या कामात. घोडा पुढच्या पायावर अडखळला, मी मानेवरून पुढं. डोक्याला हेल्मेट, अंगात संरक्षक जाकीट होतं. उठून बसतोय तोवर अँब्युलन्स आली. डॉक्टरांनी तपासून बजावलं की ते लिहून देत नाहीत तोवर घोड्यावर बसायचं नाही. चार आठवडे बुडाले, तेव्हा फार राग आला. पण पटातल्या पडण्यानंतर हात नीट वर होत नसताना मी तिसऱ्या आठवड्यात पुन्हा छकडीवर बसलो होतो, आणि तेव्हा मला अडवायला कुणी नव्हतं. शिवाय रेसकोर्स गोल असतो. विजयखांब मागं पडला तरी धावपट्टी संपत नाही. घोडा आपसूक ओसरत जातो आणि समोर माणूस नसतो.

म्हणून रेसकोर्स सुरक्षित आहे असं मात्र समजू नका. कार्ल उमरीगर हा फार गुणी तरुण जॉकी १९७९ साली मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर रेसमध्ये पडला आणि त्यातून वाचला नाही. घोड्याचा वेग आणि उंची बैलापेक्षा जास्त असते. तिथं पडणं कमी होत असेल, पण पडल्यावर लागतं जबर.

पुढं जायची वाट कुठं आहे, हेही पाहा. धुरकऱ्याचं नाव चार तालुक्यांत होतं आणि त्या नावाला मान असतो. पण २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या आणि डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळेपर्यंत कितीतरी धुरकऱ्यांची उमेदीची वर्षं गेली. मे २०२३ च्या निकालानं आता कायद्याचा आधार पक्का झालाय. रेसलाही अडचणी आहेतच. पैजांच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला आणि क्लबांना ते जड गेलं. तरी तिथं शिडी आहे. पेसी श्रॉफ यांच्यासारखा माणूस जॉकी म्हणून शिखरावर पोचला आणि नंतर ट्रेनर म्हणूनही. एवढं सगळ्यांना जमत नाही, पण वर्क रायडर (सराव देणारा), हेड लाड (सईसांचा मुकादम), घोडे शिकवणारा अशी कामं मिळत राहतात. मला आज नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेत घोडा पारखायला लोक सोबत नेतात, ते त्या नऊ वर्षांमुळंच.

जोडीवरच बसायचं असेल तर नक्की बसा. फक्त आदल्या दिवशी पटावर जाऊन रेषेच्या पुढचं रान स्वतः चालून बघा. तिथं बांध, विहीर किंवा चहाची गाडी असेल तर आयोजकांशी बोला, आणि ऐकलं नाही तर जोडी परत आणा. कासऱ्याला वेढा घेऊ नका.

माझा भाचा सतरा वर्षांचा आहे, एक्केचाळीस किलोचा, आणि त्याचा बाप बुटका आहे. पुण्याचा हंगाम जुलैत सुरू होतो, म्हणून जूनमध्ये त्याला घेऊन जातोय. दावणीची जोडी मी विकलेली नाही. तो परत आला तर असावी म्हणून.