मोदी ते सात रस्ता : अकरा रॅम्प, एक व्हीलचेअर

सोलापुरात आमच्या भागात फुटपाथच्या कोपऱ्यांना नवे रॅम्प झालेत. मोदीतून सात रस्त्याकडे जाताना माझ्या बाजूला अकरा लागतात. डिसेंबरअखेर काम आटोपलं. तेव्हापासून रोज जाता-येता वापरतेय, म्हणून आता लिहिते. मणक्याला इजा होऊन मला नऊ वर्षं झाली. व्हीलचेअर मी माझ्या हातांनीच चालवते. मागून ढकलणारं माणूस सोबत असेल, त्यांना यातल्या काही अडचणी कमी जाणवतील.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच मोठं आहे. मी एका चादरीच्या दुकानात हिशोब लिहिते. आधी फुटपाथवर चढायला दोन माणसं लागायची, त्यामुळे मी रस्त्याच्या कडेनेच जायचे, रिक्षा आणि टमटमला अंग चोरत. भाऊ रोज सकाळी माझ्यामागे चालायचा आणि मग त्याच्या कामाला उशिरा पोचायचा. आता मी एकटी जाते. या जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेलाही एकटी गेले, होम मैदानापर्यंत. वाटेत दोनदा कुणाचा तरी हात घ्यावा लागला, पण घरून निघताना कुणाला विचारावं लागलं नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

आता मापांचं. रस्त्यांच्या कामासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची 103 क्रमांकाची नियमावली आहे. फुटपाथ 15 सेंटीमीटरपेक्षा उंच नको आणि रॅम्पचा उतार एकास बारापेक्षा तीव्र नको, असं ती सांगते. म्हणजे 15 सेंटीमीटर चढायचे तर उताराची लांबी निदान 180 सेंटीमीटर हवी. मी शिलाईचा टेप घेऊन अकराही मोजले. चारच या मापात बसतात. मेडिकलसमोरचा 14 सेंटीमीटर उंचीला फक्त 95 सेंटीमीटर लांब आहे, एकास सातपेक्षाही तीव्र. वर जाताना खुर्ची मागे कलंडेल या भीतीने मी गुडघ्यांपर्यंत पुढे वाकते. खाली येताना तळहात चाकांवर घासून लाल होतात.

पण खरा त्रास शेवटच्या एका इंचाचा. व्हीलचेअरची पुढची चाकं लहान असतात, माझी सहा इंची आहेत. रॅम्प जिथे रस्त्याला टेकतो तिथे कर्बच्या, म्हणजे फुटपाथच्या काठाच्या दगडाची कड तीन-चार सेंटीमीटर वर राहिली, की पुढचं चाक तिला थडकून जागीच थांबतं आणि आपण मात्र पुढे जातो. पाच रॅम्पना अशी कड आहे. लांबून बघणाऱ्याला ती दिसत नाही. फोटोत तर अजिबातच नाही.

सातव्या रॅम्पचं काम चालू होतं तेव्हा मी तिथे थांबून टेप लावत होते. एक वयस्कर गवंडी होते, म्हणाले, "मापं कशाला घ्यायलाव ताई?" मी त्यांना चार दिवसांपूर्वी झालेल्या सहाव्या रॅम्पकडे घेऊन गेले आणि वरून खाली येऊन दाखवलं. चाक कडेला अडलं, मी सीटवरून पुढे घसरले, त्यांनी धावत येऊन खुर्चीचा हात धरला. मग ते उकिडवे बसले आणि त्या कडेवरून तळहात फिरवत राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "आम्हाला आजवर कुणी बसून दाखवलंच नाही."

सातव्याची कड त्यांनी छिन्नीने उतरवली, माल भरून रंध्याने रस्त्याशी एकजीव केली आणि ओल्या काँक्रीटवर खराट्याने आडव्या रेघा ओढल्या, चाक घसरू नये म्हणून. लांबीही वाढवून घेतली. त्या दिवशी माझा दुकानात खाडा झाला, पण अकरांतला सगळ्यात चांगला रॅम्प तोच. चादरींचे गठ्ठे हातगाडीवरून नेणारे हमालसुद्धा आता थोडं पुढे येऊन तिथूनच गाडी चढवतात.

माझी एक मैत्रीण पूर्ण अंध आहे, पांढरी काठी घेऊन चालते. तिला बरोबर घेऊन सगळे रॅम्प फिरले. तेव्हा माझ्या लक्षात न आलेली गोष्ट कळली. मला कड अजिबात नको, पण तिला ती कडच सांगायची की फुटपाथ संपला, रस्ता सुरू झाला. कड गेली तर तिथे ठिपक्यांच्या पिवळ्या फरशा हव्यातच. रेघांची फरशी म्हणजे चालत राहा, ठिपक्यांची म्हणजे थांब. सातव्यावर त्या नाहीत. माझ्यासाठी सगळ्यात सोपा रॅम्प तिच्यासाठी सगळ्यात धोक्याचा निघाला. नवव्यावर फरशा आहेत, पण रेघा तिला सरळ विजेच्या डीपीवर नेतात.

बाकीचं थोडक्यात. दुचाक्या चढू नयेत म्हणून लावलेल्या स्टीलच्या खांबांमध्ये 70 सेंटीमीटर जागा आहे. माझी खुर्ची 64 ची, बोटं सोलवटतात. 90 तरी हवेत. दहाव्याच्या पायथ्याशी पाण्याची जाळी आहे, तिच्या पट्ट्या चाकाच्या दिशेतच आहेत, चाक फटीत उतरतं. पट्ट्या आडव्या बसवल्या असत्या तर प्रश्न नव्हता. नळाला पाणी येतं त्या दिवशी अंगणं धुतलेलं पाणी पहिल्या दोन रॅम्पच्या तोंडाशी साचतं. आणि रॅम्पच्या तोंडावर गाडी लावणाऱ्यांना हात जोडून विनंती, दोन मिनिटांसाठीसुद्धा लावू नका. मला तेवढ्यासाठी मागे फिरून वाहत्या रस्त्यावर उतरावं लागतं.

2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या कलम 41 मध्ये सुगम रस्त्यांचा उल्लेख आहे. त्याचा आधार घेऊन मी मापांसकट लेखी अर्ज दिलाय, मैत्रिणीच्या फरशांसकट. पोच मिळाली आहे.

सगळ्या रॅम्पना मिळून माझे गुण पाचपैकी तीन. हाताने खुर्ची चालवणारं कुणी या बाजूला येणार असेल, तर मेडिकलसमोरचा आणि सहावा रॅम्प उतरताना खुर्ची उलटी फिरवून पाठमोरे उतरा, मोठी चाकं आधी. मागे वळून गाड्या बघायला मात्र कुणाला तरी उभं करा. सातव्याला कुणाची गरज नाही.